पाटावरची जागा

खंडेनवमीला भरमाप्पांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात पाट मांडला, की घरातलं एकूण एक हत्यार त्यावर चढायचं. हातोड्या, पकडी, तार गुंडाळायचं यंत्र, पोरांच्या आईची, अव्वाची, विळी. यंदा वीरेशचा लॅपटॉपही चढला. पोरगा इंजिनिअर होऊन घरी बसलेला, त्या लॅपटॉपवर सिनेमाशिवाय काही चालत नव्हतं, पण झेंडूचं फूल त्यालाही मिळालं.

खुंटीवर राहिली ती एकट्या लेकीची, रक्षिताची पिशवी. तिच्यात मल्टिमीटर, टेस्टर आणि लिफ्टचं दार उघडायची किल्ली. आयटीआय करून ती लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत शिकाऊ म्हणून लागली होती. अप्पा विसरले असतील म्हणून तिनं पिशवी पुढं केली. तर ते म्हणाले, पाटावर जागा न्हाय, आणि लग्न हुस्तवरची हौस ही, तिला कशाला फूल. हे रक्षिताच्या जिव्हारी लागलं. तिनं पिशवी परत खुंटीला अडकवली.

दुपारी कंपनीचा फोन आला. कसबा बावड्यातल्या एका नव्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती, आणि आत बाळाबाई नावाची म्हातारी एकटीच होती. मिस्त्री आकाराम गावी शाहूवाडीला गेलेला, बाकीच्यांची हत्यारं पूजेत. ती दसऱ्याआधी कोण उचलणार? मोकळी होती ती रक्षिताची पिशवी. ती घेऊन रक्षिता निघाली. पोरीला एकटी कशी सोडायची म्हणून कुरकुरत अप्पाही गाडीवर मागं बसले.

तिथं चार बाप्ये पहार घालून लिफ्टचं दार फाकवत होते. ते बघून अप्पांच्या अंगात मिस्त्री संचारला. बाह्या सारून त्यांनीही पहारीला हात घातला.

“अप्पा, हात काढा,” रक्षिता म्हणाली. “आधी मेन बंद करतो. मधेच लिफ्ट हलली तर हात जाईल तुमचा.”

चारचौघांत भरमाप्पांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले, पण हात निघाला.

रक्षिता आधी दाराशी वाकून बाळाबाईशी बोलली. खाली बसा, दाराला हात लावू नका, मी हाय, म्हणाली. मग अप्पांना तिथंच उभं केलं आणि लिफ्टचा तळ मजल्याला लागला की ओरडायचं, असं बजावून वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेली. आकारामला फोनवर धरून तिनं मेन बंद केला आणि ब्रेक जरा जरा सोडायला लागली. जन्मभर दुसऱ्यांना हुकूम सोडलेले भरमाप्पा खालून इमानानं “अजून, अजून, बास” ओरडत राहिले.

बाळाबाई बाहेर आली, पाणी प्याली आणि सगळ्यांना शिव्या दिल्या. बिघाड सापडायला वेळ लागला नाही. खंडेनवमी म्हणून लोकांनी लिफ्टचीही पूजा केली होती, आणि तोरणाचा दोरा दाराच्या स्विचात जाऊन बसला होता. रक्षितानं तो ओढून काढला. अप्पा बघत होते.

घरी येऊन त्यांनी हातोड्या एका अंगाला सारल्या.

“आण ती पिशवी.”

“पूजा करा, पर ठेवून घिऊ नका,” रक्षिता म्हणाली. “परत फोन आला तर?”

भरमाप्पांनी पिशवीला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि ती तिच्या हातात दिली. पाटावरची जागा मात्र त्यांनी तशीच मोकळी ठेवली. वीरेश तिथं लॅपटॉप सरकवायला गेला, तर त्याच्या हातावर चापट मारली.