सायरबाईंची अठ्ठेचाळीस मिनिटं

मित्रांनो, मी गोल आहे, काळी आहे आणि माझ्या मधोमध एक भोक आहे. एवढ्या वर्णनावर लोक मला मोटारीचं चाक समजत नाहीत, यातच मी समाधान मानते. मी एक जुनी रेकॉर्ड आहे. लाँगप्ले.

माझा जन्म कारखान्यात झाला. गरम काळा गोळा दोन साच्यांमध्ये दाबला की अर्ध्या मिनिटात आमचं बालपण, शिक्षण आणि तारुण्य आटोपतं. बाहेर आले तेव्हा मला दोन सिंफन्या तोंडपाठ होत्या, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी. सिंफनी म्हणजे वीस-तीस वादकांनी एक शब्द न बोलता सांगितलेली लांबलचक गोष्ट. तिचे चार भाग असतात.

या दोन्ही रचणाऱ्याचं नाव वानहाल. तुम्ही ते ऐकलं नसेल. वाईट वाटून घेऊ नका, त्याच्या देशातही फार जणांनी ऐकलेलं नाही. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी तो बोहेमियातल्या एका खेड्यात जन्मला. घर जमीनदाराचं बांधील, म्हणजे माणसंही त्याच्याच मालकीची. या गड्याने वाजवून, शिकवून पैसे जमवले आणि स्वतःला विकत घेतलं. मग व्हिएन्नात राहून डझनांनी सिंफन्या लिहिल्या. अडचण एवढीच झाली, की त्याच सुमारास त्याच शहरात हायडन आणि मोझार्टही होते. पेठेत शेजारी दोन बडी दुकानं असली की तिसऱ्याकडे गिऱ्हाईक वळत नाही, माल कितीही चोख असो. माल चोख होता. मी तो अंगावर वागवते, म्हणून सांगते.

१९६८ साली जळगावच्या निर्मलकुमारांनी रेकॉर्ड प्लेअर घेतला. ते कापडाचे व्यापारी. प्लेअरवर दुकानदाराने मला फुकट दिलं. "ही कोणी नेत नाही," असं तो माझ्यादेखत म्हणाला.

घरी निर्मलकुमारांच्या आई होत्या, सायरबाई. त्या एकतीस वर्षं रोज सकाळी सामायिक करत. सामायिक म्हणजे जैनांचं ध्यानाचं बसणं. कशाचा लोभ नाही, कशाचा रोष नाही, असं मन सपाट ठेवून अठ्ठेचाळीस मिनिटं आसनावर बसायचं. एक मिनिट आधी उठलं तरी व्रत मोडलं. वेळ मोजायला त्या वाळूचं घड्याळ समोर ठेवत. पण त्या वर्षी सायरबाईंची नजर गेली आणि वाळू दिसेनाशी झाली.

सून सुगनबाई स्वयंपाकघरातून "झालं, सासूजी" अशी हाक देऊ लागल्या. मात्र घड्याळ दिवाणखान्यात होतं; कणीक मळून झाली, की अठ्ठेचाळीस मिनिटं झाली, असा त्यांचा हिशेब होता.

"बिनणी, मी आंधळी झाले आहे, खुळी नाही," सायरबाई म्हणाल्या. "आज चाळीसच झाली."

एकतीस वर्षं न मोडलेलं व्रत आता कणकेच्या हातात होतं. सायरबाईंना जेवण जाईना.

तेव्हा निर्मलकुमारांना माझी आठवण झाली. माझी एक बाजू बरोबर चोवीस मिनिटं वाजते. चोवीस मिनिटं म्हणजे एक घटका, आणि सामायिक म्हणजे दोन घटका. वानहालने हे जळगावसाठी मुद्दाम केलं असेल, असं मी म्हणत नाही. पण नाकारतही नाही.

सायरबाईंचे दीर फुलचंदजी नियमांचे पक्के होते. ते म्हणाले, "भाभी, सामायिकात बाजा?"

"वेळ कळण्यापुरता."

"आणि तो आवडला तर? लोभ झाला तो."

"मग कोणाला आवडणार नाही असाच बघा."

झालं. दिवाणखान्यात परीक्षा ठेवली. आधी भजनाची रेकॉर्ड लावली, सायरबाईंची मान डोलली, भजन नापास. सिनेमातलं गाणं लावलं, स्वयंपाकघरात सुगनबाई गुणगुणल्या, गाणं नापास. सनई लावली तर स्वतः फुलचंदजींनाच आपलं लग्न आठवून रोष आला. मग मला लावलं. चोवीस मिनिटं कोणाचं बोटसुद्धा हललं नाही. शेवटी फुलचंदजी म्हणाले, "यात काही नाही. चालेल."

काहीच येत नाही म्हणून पहिला नंबर मिळवलेली, मित्रांनो, मी एकटीच.

एक पेच उरला. सामायिकात बसलेल्याने यंत्राला हात लावायचा नाही आणि दुसऱ्याला तसं सांगायचंही नाही. मग माझी बाजू पालटणार कोण? त्यावर असं ठरलं, की असोद्याहून दूध घेऊन येणाऱ्या लताबाईंनी आपल्या मनाने पडवीत बसून सिंफन्या ऐकायच्या. दोन्ही बाजू, स्वतः पालटून. आतल्या खोलीत सायरबाईंच्या कानावर पडल्या तर पडल्या, त्याला कोणाचा इलाज नाही. अशा रीतीने वानहालला खानदेशात पहिला श्रोता मिळाला. श्रोत्याची परवानगी मात्र कोणी विचारली नव्हती.

पहिल्या दिवशी मी सुरू झाले तशा लताबाई म्हणाल्या, "माय वं, कोन मेलं का यांच्यात?"

चौथ्या भागात सगळी व्हायोलिनं धावत सुटली, तेव्हा म्हणाल्या, "आता कुठी पळू राह्यले हे?"

पण सहा महिन्यांत त्या माझ्या तालावर रतीबाचं माप ओतू लागल्या. "या मानसाचं एक बरं हाये," त्यांनी सुगनबाईंना सांगितलं. "रडते, पन रडत बसत नही. डोये पुसते अन कामाले लागते." जाड जाड पुस्तकांत वानहालवर याहून चांगलं काही लिहिलं असेल, असं मला वाटत नाही.

चार वर्षं अशी गेली. मग एके दिवशी सुगनबाईंनी दूध तापवलं आणि झाकण सापडेना. उघड्या दुधात माशी पडून जीवहत्या होऊ नये, म्हणून त्यांनी हाताला आलेली पहिली गोल वस्तू पातेल्यावर ठेवली. ती वस्तू मी होते. अहिंसेपायी माझ्या दुसऱ्या बाजूवर पातेल्याच्या काठाचा ओरखडा उठला.

तिथे तिसऱ्या भागात व्हायोलिनं तीन वेळा जिना चढतात आणि तिसऱ्यांदा वर पोचली की क्षणभर तिथेच उभी राहतात. दुसऱ्या सकाळी सुई उडाली आणि व्हायोलिनं दोनदाच चढली. लताबाईंना कळलं नाही. मी थांबले, तरी सायरबाई आसनावरच बसून होत्या. थोड्या वेळाने उठल्या आणि पडवीत आल्या.

"लताबाई, आज तो दोनदाच चढला. तिसऱ्यांदा मी मनात चढले, मग उठले."

लताबाईंनी माप खाली ठेवलं. "पन अक्का, तुमी तं ऐकत नव्हत्या नं?"

सायरबाई पडवीतच खाली टेकल्या. व्रताची मिनिटं पुरी भरली होती. पण मन सपाट नव्हतं. किती दिवसांपासून नव्हतं, ते त्यांनाही सांगता येईना.

चातुर्मास चालू होता. सायरबाई स्थानकात, म्हणजे जैन साध्वी उतरतात त्या वास्तूत, गेल्या. तिथे लोक एकेक आवडीची वस्तू सोडण्याचा नियम घेतात. मांगीलालजींनी कारलं सोडलं. हीराबाईंनी दरवर्षीप्रमाणे फणस सोडला. जळगावात तो फारसा मिळत नाही. सायरबाईंची पाळी आल्यावर त्यांनी तिथल्या साध्वींना, महासतीजींना, सगळं सांगितलं.

महासतीजी म्हणाल्या, "व्रत मोडलं नाही. दोष लागला. पण तो बाजा वेळ मोजायला ठेवला होता ना?"

"हो. पहिल्या वर्षी त्याने वेळ कळायची," सायरबाई म्हणाल्या. "आता तो वाजतो तेव्हा वेळ कळतच नाही."

"मग किती दिवस सोडता? चार महिने?"

"चार महिने सोडला तर दिवस मोजत बसेन. जन्मभराचा नियम द्या."

ते ऐकून मांगीलालजींनी कारल्यासोबत गूळही सोडला.

मित्रांनो, मैफिलींत टाळ्या पुष्कळांना मिळाल्या असतील. पण ज्याला स्वतःच्या पेठेत गिऱ्हाईक नव्हतं, त्याला जळगावच्या एका बाईंनी जन्मभरासाठी सोडलं. माणूस सोडतो ती आवडीची वस्तू. याहून मोठी दाद मला माहीत नाही.

आता सुगनबाई कणीक आधी मळून ठेवतात आणि घड्याळापुढे बसून बरोबर अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला हाक देतात. मी कपाटात असते. तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे, की दुधावर झाकण ठेवा, पण ते झाकणच असू द्या. आणि कोणी नेत नाही म्हणून फुकट मिळालेली रेकॉर्ड एकदा दोन्ही बाजूंनी ऐका. मग ती आवडली तर काय करायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

दर रविवारी सायरबाई मला पाकिटातून काढतात आणि मलमलीच्या फडक्याने रेघारेघांवरून गोल पुसतात. याला बराच वेळ लागतो. मागच्या रविवारी लताबाईंनी विचारलंच, "अक्का, तुमी तं हे सोडलं नं?"

"ऐकणं सोडलं," सायरबाई म्हणाल्या. "पुसणं कुठे सोडलं?"