बाहुलीचं टोपडं

मुलांनो, डोळे मिटा आणि असं समजा, की तुम्हाला सणकून ताप आलाय. आईने कपाळावर ओली घडी ठेवलीय, वर पंखा गरगरतोय. घडीतलं पाणी हवेत उडून जातं आणि जाताना तुमची थोडी उष्णता सोबत नेतं. गार वाटतं ना? आता कपाळाच्या जागी तापमापीचा खालचा, पाऱ्याचा फुगा आणा. दोन तापमाप्या शेजारी शेजारी टांगायच्या, एकीच्या फुग्यावर ओलं मलमलचं टोपडं चढवायचं आणि ते ओलं राहावं म्हणून त्याचं टोक खालच्या पाण्याच्या वाटीत सोडायचं. हवा कोरडी असली की टोपडंवालीचा पारा खूप उतरतो, दमट असली की जेमतेम. दोघींतल्या फरकावरून हवेतला दमटपणा काढतात.

अशी जोडी टिकलीच्या ताईने गॅलरीत टांगली होती. ताई हवामानशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्या दिवशी ती कॉलेजातून आली ती पाय आपटतच.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"सरांनी भर वर्गात माझी शोभा केली. बाहेर जमीन तडकतेय आणि तुझ्या गॅलरीत हवा ओलीचिंब? घरात मासे मोकळे सोडलेत का, म्हणे. सगळे फिदीफिदी हसले. परीक्षेआधी आठवडाभराच्या नव्या नोंदी नेल्या नाहीत तर प्रात्यक्षिकात नापास."

"दोन्ही पारे सारखेच होते?"

"रोज. मी काय मनचं लिहिलं?"

ती तरातरा गॅलरीत गेली. टोपडं गायब. वाटीत पाणी तसंच, फुगा मात्र उघडा. मागे वळून बघते तर टिकलीची बाहुली कोपऱ्यात बसलेली, डोक्यावर मलमलचं टोपडं, हनुवटीखाली नीट गाठ.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. "कार्टे, माझं वर्ष घालवतेस का तू? हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं ना?"

"तिला सर्दी झाली होती," टिकली म्हणाली.

"बाहुलीला?"

"तुला कधी दिसलं नाही तर मी काय करू? मी केव्हाच घेतलंय ते."

आई पोळपाट सोडून दाराशी आली. "खरंच गं, तुला कसं दिसलं नाही? रोज बघत होतीस ना?"

ताई बघत होती, पण खोलीत पंख्याखाली बसून, काचेतून. बाहेर ऊन भाजून काढायचं. काचेतून वरचे आकडे दिसायचे, खालचे फुगे चौकटीआड जायचे. आधी टोपडं ओलं आहे का बघा, मगच पारा वाचा, हे सरांनी पहिल्याच तासाला घोकून घेतलं होतं. त्याचाच तिला जास्त राग आला. आणि स्वतःवर रागावता येत नव्हतं म्हणून ती पुन्हा टिकलीवरच खेकसली, "जा इथून. तोंड दाखवू नकोस."

संध्याकाळी ती टेबलाशी बसली आणि ओल्या तापमापीचे आकडे भराभर लिहू लागली. पुढच्या तारखा घालून. कोरडीतून थोडं वजा, कधी जरा जास्त, कधी जरा कमी. सरांना पटतील असे.

"हा कुठला?" टिकली खांद्यामागे उभी होती.

"उद्या दुपारचा."

"उद्या दुपार झाली?"

"तू गप्प बस. तुझ्यामुळेच चाललंय हे."

"टोपडं माझ्यामुळे गेलं," टिकली म्हणाली. "हे तर तू करतेयस."

ताईने पेन टेबलावर आपटलं. "आई, हिला घेऊन जा इथून."

आई आली नाही. टिकलीच गेली. कोपऱ्यातल्या बाहुलीच्या हनुवटीखालची गाठ तिने दातांनी सोडवली. टोपडं वाटीत बुडवलं, पिळलं नाही, तसंच ठिबकतं फुग्यावर चढवलं आणि खालचं टोक वाटीत सोडलं. मग स्टूल ओढून पाऱ्यासमोर बसली. ताईकडे पाठ करून.

वारा येत होता आणि पारा हळूहळू खाली सरकत होता. तो थांबला तेव्हा टिकलीने मान न वळवता, फुरंगटलेल्या आवाजात पहिला आकडा वाचला.

"लिही," ती म्हणाली.