एक पीळ जास्त

प्लंबरला सगळी गल्ली घट्टशेठ म्हणायची, आणि त्यालाही ते नाव आवडायचं. नळ असो, पाइप असो की बरणीचं झाकण, शेवटचा एक पीळ जास्त दिल्याशिवाय त्याच्या हाताला चैन पडत नसे. रागाचंही तेच. एकदा बसला की घट्ट बसला.

सध्या तो बसला होता मेहुण्यावर, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यावर. मेहुण्याचा गुन्हा काय, तर त्याने आपल्या मोरीतला नळ दुसऱ्याच प्लंबरकडून दुरुस्त करून घेतला. "बायकोचा सख्खा भाऊ प्लंबर असताना?" असं घट्टशेठने आधी बायकोला विचारलं, मग शेजाऱ्यांना, मग दुकानात वॉशर घ्यायला आलेल्या एका अनोळखी गृहस्थालाही. बहिणीकडे जाणं बंद, बोलणं बंद.

तशात बहिणीला मुलगी झाली. बाप्तिस्म्याला बाळाला हातात घेणारा धर्मपिता म्हणून दादानेच उभं राहावं, असा तिचा निरोप आला. घट्टशेठने साफ नाही म्हणून कळवलं. त्यावर बहिणीचं उत्तर आलं, "दादा नाही, तर कुणीच नाही. जागा रिकामी राहील." हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस जेवण गोड लागेना, पण नकार काही त्याने जागचा हलू दिला नाही.

रविवारी बायकोने ओढत आणलं म्हणून तो चर्चमध्ये आला आणि दारालगतच्या शेवटच्या बाकावर बसला. बाप्तिस्मा सुरू झाला की गुपचूप सटकायचं, असा बेत होता. अगदी पुढच्या बाकावर बहीण होती, तिच्या मांडीवर बाळ, शेजारी मेहुणा, आणि मेहुण्याच्या पलीकडे ती रिकामी जागा. तिकडे बघायला नको म्हणून त्याने छताकडे बघितलं. तेवढ्यात टपकन एक थेंब त्याच्या टकलावर पडला.

तो डावीकडे सरकला. दुसरा थेंब डावीकडे पडला. तो पुढच्या बाकावर गेला. थेंबही गेला.

"देव काहीतरी सांगतोय तुम्हाला," मागून बायको कुजबुजली.

"देवाचं काम नाही हे, वॉशरचं काम आहे," तो दातओठ खात म्हणाला.

म्हातारे पाळक त्या दिवशी नेमके मन कठीण करून बसलेल्या माणसांवर बोलत होते. देव समोर काम करत असतो आणि आपण दुसरीकडे तोंड करून बसतो, असं चाललं होतं. घट्टशेठ ओणवा होऊन एकेक बाक पुढे सरकत होता. "देवाच्या जवळ या!" असं पाळक म्हणाले आणि त्याच क्षणी तो तिसऱ्या बाकावरून दुसऱ्यावर आला. एका आजीने भरल्या गळ्याने "आमेन" म्हटलं.

दुसऱ्या बाकावरही टपटप सुरूच. आता चर्चभर कोरडी आणि रिकामी अशी एकच जागा उरली होती. तोंड वाकडं करून तो मेहुण्याशेजारी जाऊन बसला. मेहुण्याने रुमाल पुढे केला. "दादा, डोकं पुसा." त्याने पुसलं, पण उपकार केल्यासारखं.

बहीण आणि मेहुणा बाळाला घेऊन उठले. पाळकांनी पात्रातलं पाणी ओंजळीत घेतलं, पण ते बाळापर्यंत पोचायच्या आतच छतावरून एक टपोरा थेंब बाळाच्या कपाळावर पडला. बाळ शिंकलं.

"देवाची करणी!" आजी ओरडली. चर्चभर एकच कुजबुज उठली.

घट्टशेठला मात्र घाम फुटला. चर्चच्या छतावरच्या टाकीचा बॉलकॉक, टाकी भरली की पाणी बंद करणारा, गेल्याच महिन्यात त्याने बसवला होता, सेवा म्हणून, फुकट. आणि शेवटचा एक पीळ जास्त देऊन. गप्प बसलं असतं तर सगळं देवाच्या नावावर खपलं असतं. पण भर चर्चमध्ये देवावर ढकलायचं म्हणजे फारच झालं. तो उठला.

"देवाची नाही हो, माझी करणी आहे. टाकीचं काम मी केलंय. जास्त आवळलं. वॉशर चेपला असणार."

 बहिणीला हसू आवरेना. "दादा, आमचा नळसुद्धा असाच गळायचा! तू तीनदा आवळलास, तीनदा गळला. तुला वाईट वाटू नये म्हणून ह्यांनी गुपचूप दुसऱ्याला बोलावलं. वर मला म्हणाले, दादांना सांगू नकोस, शिव्या मी खातो."

मेहुणा खाली मान घालून उभा होता, जणू चोरी त्याचीच पकडली गेली होती. घट्टशेठला लाज वाटली, इतकी की बाकाखाली शिरावंसं वाटलं. आणि त्या लाजेपेक्षाही मोठी माया त्याच्या छातीत दाटून आली.

"टाकी तुझी करणी, हे मान्य," पाळक हसून म्हणाले. "पण शेवटच्या बाकावरून तुला इथवर आणलं, ती कोणाची?"

 घट्टशेठ पुढे झाला, बहिणीच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

"हळू हं," बाळ देताना बहीण म्हणाली. "आवळू नकोस."

त्याने आवळलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने काहीतरी सैल हातांनी धरलं होतं. बाळाने त्याच्याकडे बघून मोठी जांभई दिली. मेहुण्याने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा रुमाल काढला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "गळतंय."

"गळू दे," प्लंबर म्हणाला.