सेल्फला अर्थ नाही

किल्ली फिरवली की टक्. पुन्हा फिरवली की पुन्हा टक्. दसऱ्यापासून सिताराम गुरुजींच्या जुन्या फियाटला एवढंच बोलता येत होतं, आणि गुरुजी त्या एका अक्षराला पार विटले होते. जन्मभर पोरांना मराठी शिकवलेल्या माणसाला हे सोसणं कठीणच.

बरं, गाडी नुसती दारात शोभेला असती तर गोष्ट वेगळी. पण उद्या जिंतूरला नातीचं नामकरण. लेक नीलमचं हे पहिलंच बाळ. आणि गुरुजींच्या बायकोला, सगुणाबाईंना, बस लागायची. रेल्वे परभणीपर्यंत नेईल, पण पुढे बस आहेच. भाड्याच्या जीपमध्येही तेच, खिडकीबाहेर डोकं. फक्त या फियाटमध्ये, पुढच्या सीटवर, काच खाली करून बसल्या की त्यांना काही होत नसे. म्हणजे गाडी सुरू झाली तरच आजी नातीला मांडीवर घेणार, नाहीतर मोबाइलवर बघून डोळे पुसणार.

निदान सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. शेजारचे भगवानराव म्हणाले, "बॅटरी बसली." दिवे लख्ख होते, हॉर्न वाजला की गल्लीतली कुत्री पळत होती, तरी गुरुजींनी नवी बॅटरी आणली. टक्. पुतण्या बालाजी म्हणाला, "काका, सेल्फ-स्टार्टरवर हातोडी हाणा, मोकळा होतोय." हाणली. टक्. चौघांनी धक्का दिला की गाडी सुरू व्हायची खरी. पण वाटेत बंद पडली तर धक्का देणार कोण? नातीच्या नामकरणाला निघालेली आजी पदर खोचून गाडी ढकलायलीय, हे दृश्य गुरुजींना बघवलं नसतं.

शेवटी पूर्णेहून नागनाथ मिस्त्री आला. गाडीखाली शिरला, सेल्फ काढला, जमिनीवर ठेवून बॅटरीच्या तारा सरळ त्यालाच लावल्या. सेल्फ गरगर फिरला. "लय चांगला हाय की गुर्जी!" पुन्हा बसवला. टक्. नागनाथ टॉर्च घेऊन परत खाली गेला, आणि नेमका तेवढ्यात कुणाचातरी ट्रॅक्टर रस्त्यात अडल्याचा फोन आला. हात पुसत, मोबाइल कानाला तसाच धरून तो मोटरसायकलवर बसला. "गुर्जी, सेल्फला अर्थच न्हाई. दुसरं काई न्हाई. उद्या दुपारी येतो," म्हणाला आणि गेला.

गुरुजी उभेच राहिले. अर्थ नाही! या डबड्यात काही अर्थ नाही, एवढं सांगायला याला तासभर खाली लोळावं लागलं? वर उद्या दुपारी येणार म्हणे, नामकरण उरकल्यावर. वरातीमागून घोडं! त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

घरात येऊन ते फाडकन म्हणाले, "झालं. मिस्त्री बी म्हणाला, अर्थ न्हाई. उद्या बसनं जाऊ, गोळी घे आन् लिंबू घे. गाडी भंगारात देऊन टाकतो."

"कशाला अर्थ न्हाई म्हन्ला?"

"सेल्फला."

"आन् तुमी जाऊ दिलं त्याला?" सगुणाबाई उठून बाहेर गेल्या.

बराच वेळ त्या येईनात म्हणून गुरुजींनी डोकावून पाहिलं. बाई बादली घेऊन फियाटच्या पुढच्या चाकापाशी तांब्यातांब्यानं पाणी ओतत होत्या.

"आगं, काय करायलीस?"

"अर्थ द्यायलेय. शेतातली मोटर अडली की खड्ड्यात मिठाचं पानी वततो न्हवं आपन? हिचा खड्डा कुठं हाय ते मला काय म्हाईत!"

गुरुजींचं ओरडायला उघडलेलं तोंड उघडंच राहिलं. अर्थ. तारेचा अर्थ, अर्थिंग! फळ्यावर 'अर्थ सांगा' लिहून लिहून खडू झिजवले आणि ऐन वेळी नेमका भलताच अर्थ लावला. त्यांना स्वतःचाच संताप आला. टॉर्च घेऊन ते चिखलातच आडवे झाले. इंजिनापासून चासीपर्यंत, गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, एक चपटी विणलेली पट्टी गेली होती आणि तिच्या बोल्टखाली निळ्या रंगाचा जाड थर होता; वीज तिथंच अडत होती. दसऱ्याला गाडी रंगवताना बजरंग पेंटरला त्यांनीच बजावलं होतं, "आतून बी चकाचक पायजे, बोटभर जागा सोडू नको." बजरंगनं पट्टी सोडवून, खालून रंग मारून, पुन्हा आवळली होती. सांगितलेलं काम इतकं मन लावून त्यानं आयुष्यात दुसरं केलं नसेल.

गुरुजींनी सुरीनं रंग खरवडला, लोखंड चमकल्यावर बोल्ट आवळला आणि किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

सकाळी परभणी मागे पडली तसे गुरुजी रंगात आले. "बसनं आलो असतो तर आतापर्यंत ओकून ओकून अर्धी झाली असतीस."

सगुणाबाई खिडकीतून तुरीचं रान बघत होत्या. "मला बस लागायची कवाच बंद झाली."

"काय?" गुरुजी जवळजवळ किंचाळले. "मग मी इतके दिस गाडीखाली लोळायलो ते कशापायी? बोलली का न्हाईस?"

"बसमदी तुमी पुढं मास्तर लोकात जाऊन बसता, मी मागं बायकात. उतरायच्या टायमाला नुस्तं 'चल' म्हन्ता." त्यांनी पदर सावरला. "हितं शेजारी बसता."

गुरुजींना रागवायचं होतं, चांगलं खडसून रागवायचं होतं. पण बोरी गाव ओलांडल्यावर, नामकरणाला उशीर होत होता तरी, त्यांनी गाडी सावकाश घेतली.