चित्राशेजारचा टिपका

संस्थेत मी सदस्य नाही. सदस्यांचं टायपिंग मात्र मीच करते. आमच्या आंधळगावच्या मासेमार संस्थेत बाई सदस्य होत नाही. ती जाळं विणते, मासे विकते, अन् आमसभेच्या दिवशी चहा करते.

त्या दिवशी एक वाजता आमसभा होती. अकराच्या सुमारास मी संस्थेच्याच कॉम्प्युटरवर संस्थेलाच द्यायचा अर्ज टाइप करत होते: आम्हा तेवीस बायांना सदस्य करून घ्या. आज नाही दिला तर पुढची आमसभा वर्षाने. शेवटचं नाव लिहिलं अन् दारात सचिव मोतीलालभाऊंची चप्पल वाजली. मी घाबरून पडद्याच्या कोपऱ्यातली, आजवर कधी न दाबलेली आडवी रेघ दाबली. अर्ज गायब. समोर नुसता निळा पडदा.

मोतीलालभाऊ शेजारच्या टेबलाशी बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटू लागले.

"काय शोधून राहिल्या, वहिनी?"

"काही नाही भाऊजी, नोटीस पाहून राहिली."

मशीन जुनं. विंडोज पेलेना म्हणून दुरुस्तीवाल्याने त्यात लिनक्स टाकून दिलेलं. मी ते दाबून दाबून शिकले. पण आज दाबायची हिंमत होत नव्हती. फोल्डर उघडून पाहिलं, कचरापेटी पाहिली, दोन्ही बंद केली. तिथे कसा असणार? सेव्हच केला नव्हता. डावीकडच्या पट्टीत कागदाचं चित्र होतं. तीनदा बाण तिथवर नेला अन् मागे घेतला. ते दाबलं की कोरा कागद येणार, अन् कोरा आला की जुना पुसला जाणार, असं माझं पक्कं मत. पाटीवर शिकलेल्या बाईचं मत.

पावणेबाराला सासूबाई आल्या. सखाबाई त्यांचं नाव, अन् हळू बोलणं त्यांना येत नाही.

"झाला का वो अर्ज? बाया तलावाच्या पारीवर वाट पाहून राहिल्या!"

मोतीलालभाऊंचा हात थांबला. "कोणता अर्ज?"

"डुबला," माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

सासूबाई पडद्याजवळ वाकल्या. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सगळंच बारीक दिसतं, माझ्या भाकरीचा जळका काठसुद्धा.

"ह्या एकाच कागदाच्या चित्राजवळ टिपका काहून आहे? बाकीच्याईले तं नाही."

"असंल कायचा तरी."

"कायचा तरी म्हणते! पाण्यावर बुडबुडा दिसला का खाली जीव असते. साठ वर्षं पाहून राहिली मी. दाब."

दाबलं. अर्ज वर आला, तेवीसच्या तेवीस नावांसकट.

मोतीलालभाऊ उठून माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. आडवी रेघ पुन्हा दाबता आली असती. मी हात मांडीवर ठेवला. ते ओठ हलवत वाचत गेले अन् अकराव्या नावावर अडकले. सुलोचना. त्यांच्या घरची.

"इनं मले सांगतलं नाही."

"तू इचारलं कधी?" सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी खर्रा टेबलावर ठेवला. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल आली, सदस्य जमू लागले होते.

"नाव अर्धंच लिवलं तुम्ही," ते म्हणाले. "सुलोचनाबाई लिवा. सभेत मलेच वाचा लागते."

मी 'बाई' जोडलं. मग बाकीच्या बावीस जणींनाही जोडलं.

अन् दुसरं काही दाबायच्या आधी सेव्ह केलं.