पेट्रोल कोण पितं

आमच्या व्हॅनमध्ये दहा लिटर पेट्रोल टाकलं की ती दीडशे किलोमीटर पळायची. खवा घेऊन भूम, तिथून बार्शी, परत घर, आणि वर थोडं शिल्लक राहायचं. या दिवाळीनंतर ती शंभरालाच धापा टाकायला लागली. मी शाळेत गेले ती दुसरीपर्यंत. पण तीस वर्षं खव्याची भट्टी चालवतेय, कॅनमधलं दूध बघून खवा किती पडणार ते सांगते. मला आकड्यात कुणी फसवत नाही. मीटर बरोबर, रस्ता तोच, मग पेट्रोल जातं कुठं, हा किडा डोक्यात शिरला तो निघेना.

व्हॅन चालवतो बिराप्पा, माझ्या भावाचा मुलगा. भाऊ गेला तेव्हा तो नववीत होता, तेव्हापासून माझ्याजवळ. त्याचं लग्नही मीच उभं राहून लावलं. आणि नेमकी दिवाळीनंतरच त्याच्या दारात नवी मोटरसायकल आली. मी या दोन गोष्टी जोडल्या. एवढी शहाणी मी.

शुक्रवारी सकाळी दूध घालायला आठ-दहा माणसं भट्टीवर आली होती. बिराप्पा खव्याचे डबे व्हॅनमध्ये भरत होता. मी कढईवरून हाक दिली, "बिराप्पा, पेट्रोल कुठं जातंय रे?"

"गाडी खाती, आत्या. कवाधरनं सांगतोय, मिस्त्रीला दाखवू."

"गाडी खाती व्हय? आन तुझी मोटरसायकल काय कडबा खाती?"

माणसं हसली. हसणाऱ्यांनी मला चढवलं म्हणा, नाहीतर मीच चढले. हातातलं उलथनं त्याच्याकडं रोखून मी बोलून गेले, "खरा असशील तर उचल भंडारा!"

हसणं जागच्या जागी थांबलं. बिराप्पानं डबा खाली ठेवला, हात शर्टाला पुसले. "उचलतो," म्हणाला. "आयतवारी. ह्याच मानसांच्या म्होरं."

आमच्या घराण्यात भंडारा उचलणं ही तोंडची गोष्ट नाही. खंडोबाचा भंडारा हातात घेऊन 'मी हे केलं नाही' म्हटलं की माणूस सुटतो. पण ज्यानं उचलायला लावलं त्याच्या घरी तो पुन्हा पाणी पीत नाही. त्याची बायकापोरंही येत नाहीत. माझ्या आजोबांनी चुलतभावाला उचलायला लावला होता. त्या घरची माणसं आजही आमच्या मयताला येत नाहीत. हे मला ठाऊक होतं. बोलताना ठाऊक होतं.

त्या दिवशी कढईत खवा लागला. दोनदा लागला. सून दीपमाला म्हणाली, "मामी, भाऊजींना बोलवून मिटवा की." मी तिच्यावरच खेकसले, "मिटवायला मी काय पोरगी हाय का?" बिराप्पा चोर निघाला तर भावाचं नाव गेलं. चोर नाही निघाला तर भावाचा मुलगा गेला. दोन्हीकडं माझंच घर उघडं पडत होतं.

शनिवारी मी ठरवलं, आज आपणच शेजारी बसायचं. कुठं थांबतो, कुठं पाईप घालतो, डोळ्यांनी बघायचं. पंपावर दहा लिटर टाकलं, मीटरचा आकडा पाठ केला आणि पदर खोचून पुढच्या सीटवर बसले. बिराप्पानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

भूममध्ये दोन दुकानांत डबे उतरवले. तिथून बार्शी. वाटेत त्यानं लघवीलासुद्धा गाडी थांबवली नाही. मी पेट्रोलच्या काट्यावर डोळा ठेवून होते. काटा पडत होता. बार्शी यायच्या आतच तो अर्ध्याच्या खाली आला. कुणी टाकीला हात लावला नव्हता. मी स्वतः राखणीला बसले होते.

काट्याच्या बाजूला एक पिवळा दिवा जळत होता. मी विचारलं, "ह्यो कशाचा?"

"इंजनाचा."

"कवापास्नं?"

"तीन महिनं झालं. तवाच सांगितलं. तुमी म्हनला, दिवाच हाय, जळू दे."

म्हणाले होते. मला शब्द न् शब्द आठवला. तरी तोंडातून 'चुकलं' निघेना. तोंड उघडायची, खिडकीबाहेर बघायची, परत मिटायची. असे किती किलोमीटर गेले ते मात्र मोजले नाहीत. परत येताना भूमला पोचलो तेव्हा एवढंच म्हणाले, "गॅरेजला घे."

मुनवर मिस्त्रीचं गॅरेज बसस्टँडच्या मागं. मुनवर लग्नाला गेला होता, त्याची मुलगी हुमेरा होती. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, हात कोपरापर्यंत काळे.

"बाप कवा येतो?" मी विचारलं.

"संध्याकाळी. काम सांगा, आज्जी."

"तुला जमल का बाई?"

"अब्बा इंजन खोलतात. वायरीचं काम माझ्याकडंच येतं. नाही जमलं तर चहा पाजून पाठवते."

स्टेअरिंगच्या खाली तिनं मोबाईलएवढं यंत्र खोचलं. त्यावर आकडे आले. "ऑक्सिजन सेन्सर म्हणतंय," ती म्हणाली.

"मंग बदल."

"थांबा. यंत्र नाव घेतं, चोर तोच असतो असं नाही. वायर तुटली असली, सायलेन्सरला भोक पडलं असलं तरी हेच नाव येतं."

मी बिराप्पाकडं बघितलं नाही. तो टायरला टेकून उभा होता.

हुमेरानं गाडी गरम होऊ दिली. खाली वाकून पाईपचा एकेक जोड ऐकला, फडक्यानं सायलेन्सरचं तोंड दाबून कुठून फुसफुस येते का बघितलं. वायर उंदरांनी कुरतडली का तेही बघितलं. मग बिराप्पाला रेस द्यायला सांगितली आणि मला जवळ बोलावलं. "हा आकडा बघा, आज्जी. चांगला सेन्सर असला तर हा नाचतो. वर-खाली, वर-खाली. ह्याचा मेलाय. रेस दिली तरी हलत नाही."

आकडा खाली चिकटून बसला होता. मी चष्मा पुसून परत बघितलं. तिथंच.

"मंग त्यानं पेट्रोल कसं जाईल?"

तिनं सायलेन्सरमध्ये बोट फिरवून माझ्यासमोर धरलं. काजळी. "तुमची भट्टी हाय ना? हवा कमी पडली की काय होतं?"

"काळा धूर व्हतो. लाकूड जातं, आच लागत न्हाय."

"तेच. हा सेन्सर धुराचा वास घेऊन इंजनाला सांगतो, पेट्रोल किती सोडायचं. हा बिघडलाय. हवा लई झाली, हवा लई झाली, असं सारखं खोटं सांगतोय. इंजन बिचारं ऐकतंय आणि पेट्रोल ओततंय."

धुरावरून लाकूड ओलं का सुकं सांगणारी बाई मी. तीन महिने ही व्हॅन माझ्या दारातून काळा धूर सोडत जात होती आणि मी मोटरसायकलकडं बघत बसले.

सेन्सर सोलापूरहून सोमवारी येणार होता. भंडारा उचलायचा रविवार त्याच्या आधी. "हुमेरा, एका कागदावर लिहून दे. पेट्रोल गाडीच पीत होती म्हनून."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "देते की. पण कागद कुणाला दाखवायचाय?"

कागद न घेताच मी गाडीत बसले. घरापर्यंत बिराप्पा एकदाच बोलला. "उद्या सातला येतो."

रविवारी सातच्या आधीच माणसं जमली. शुक्रवारी होती त्याहून जास्त. बिराप्पा अंघोळ करून, कपाळाला काही न लावता आला. त्याची बायको प्रतीक्षा मागं उभी होती, तिचे डोळे सुजलेले. मी देव्हाऱ्यातून भंडाऱ्याची वाटी आणली. बिराप्पानं हात पुढं केला. मी भंडारा त्याच्या हातावर ठेवला नाही. माझ्याच मुठीत घेतला.

"आयका समद्यांनी," मी म्हणाले. "बिराप्पानं थेंब चोरला न्हाय. गाडीचा सेन्सर मेला व्हता. त्यानं तीनदा सांगितलं, म्या आयकलं न्हाय. आळ म्या घेतला, खोटा घेतला. भंडारा हातात हाय माझ्या."

कुणी खोकलं, कुणी कॅनचं झाकण उघड-मीट केलं. बिराप्पाचा हात तसाच पुढं होता. मग त्यानं तो खाली घेतला.

"हितलं झालं, आत्या," तो म्हणाला. "पर मोटरसायकल मला सासऱ्यानं दिली. मल्लिनाथ मामांनी. तुमचं बोलनं शुक्रवारीच तिकडं भूमशेजारी वाशीला पोचलं. काल त्यांचा फोन आला. म्हनले, चोराच्या दारात माझी गाडी नको, परत पाठव. पोरीलाबी."

प्रतीक्षानं पदर तोंडाला लावला.

मल्लिनाथ म्हणजे माझ्यासारखाच माणूस, फाटक्या तोंडाचा. लग्नात मानपानावरून मी त्याला चार माणसांत खाली बघायला लावलं होतं. आता त्याच्या ओसरीवर उभं राहून हेच सगळं परत बोलायचं. तो मला बस म्हणेल की नाही, हेही सांगता येत नव्हतं. बोलल्यावर तो ऐकेल, की पोरगी ठेवूनच घेईल?

दीपमालाला म्हटलं, "दूध तू माप." मूठ तशीच बंद ठेवून मी व्हॅनकडं चालू लागले.

"आत्ता?" बिराप्पा म्हणाला. "पेट्रोल कमी हाय. जायला पुरतंय, यायचं सांगता येत न्हाय."

"जायला पुरतंय ना? मंग काढ गाडी."