सोटा आणि पाहणीवाल्या बाई

मी सोटा बोलतोय. दचकू नका हो, दारामागेच उभा आहे.

आधी मी झाडावर होतो. या घरच्या म्हातारबांनी मला तोडलं, तासलं, तेल पाजलं आणि आधाराला धरलं. काय मजा केली आम्ही! मी मुद्दाम भिंतीवरून घसरायचो. धाडकन आवाज, की मांजर कपाटावर. म्हातारबा म्हणायचे, "चेकाळलास का रे?"

ते गेले. मी त्यांच्या चिरंजीवांच्या हाती आलो. त्यांचे पाय तर ठणठणीत. मग माझा उपयोग काय? सूनबाईंची पाठ.

एका दुपारी सरकारी पाहणीवाल्या बाई आल्या. घरोघर विचारायच्या, वर्षभरात चोरी झाली का, कोणी लुटलं का, मारलं का. पोलिसांत न गेलेलं पण मोजायचंय म्हणे.

"आमच्याकडे काय होणार, बाई? सगळं झकास!" चिरंजीव म्हणाले. मला हसू आवरेना.

"आता ताईंशी एकांतात बोलायचंय," बाई म्हणाल्या.

"बोला की! मी काय परका आहे?" म्हणत गडी खुर्ची ओढून बसला.

बाई तयारीच्या. अशा नवऱ्यांसाठी त्यांच्याकडे एक पुठ्ठा होता. मारणारा कोण असू शकतो, त्याची यादी त्यावर छापलेली आणि प्रत्येकापुढे आकडा. आपण नुसता आकडा बोलायचा. नवऱ्याला काय कळतंय!

सूनबाईंनी पुठ्ठा धरला. एकदा माझ्याकडे पाहिलं. "सहा," म्हणाल्या, अगदी हळू.

पण बाईंना प्रत्येक उत्तर खात्रीसाठी परत म्हणायची सवय. लिहिता लिहिता बोलून गेल्या, "सहा... म्हणजे नवरा. बरोबर ना?"

चिरंजीव हसले. "अगं, चहा टाक बाईंना."

बाई चहा न घेताच सटकल्या. त्या फाटकाबाहेर पडतात न पडतात, तोच त्याने मला उचललं.

त्या दिवशी मला चीर गेली. मला तारेने आवळलं, सूनबाईंच्या मनगटाला फडकं.

काही महिन्यांनी बाई परत आल्या. त्याच घरांत पुन्हा विचारायचं असतं म्हणे. आता चिरंजीव शहाणे झालेले. "तुम्ही निवांत बोला, मी बाहेर थांबतो," म्हणाले आणि खरंच गेले.

बाईंनी वाकडं मनगट पाहिलं. "हे कशाने?"

"पडले."

पडण्याला पाहणीत जागा नाही.

"ताई, आता आपण दोघीच आहोत. कोणी मारलं?"

"कोणी नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. निघताना दारात कुत्रं भुंकायला लागलं. बाईंनी मला उचललं, नुसतं उगारलं, तर ते शेपूट घालून पळालं. मग पायरीवर उभ्या चिरंजीवांच्या हातात मला त्यांनीच ठेवलं.

"चांगला दणकट आहे हो!"

"वडिलांची आठवण," ते म्हणाले.

तर या घरातले गुन्हे घटले. वर तसंच कळवलं असेल. मी आहे तिथेच आहे, तार तेवढी गंजलीय. तुमच्या दारामागे माझा कोणी भाऊ उभा असेल, तर बायांनो, आधी त्याला जाळा. आकडा मग सांगा.